रोज गोळी, तरी रोज डोकेदुखी: एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. वय ३८, नोकरी फोर्टमधल्या बँकेत, अर्धशिशी कॉलेजपासून. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा डोकं धरायचं, आता जवळजवळ रोज धरतं. पहाटे पाचला जाग येते तीच ठणकणाऱ्या कानशिलाने. चहाबरोबर एक व्हासोग्रेन, दुपारी डब्यानंतर एक सॅरिडॉन, आणि परतीच्या गाडीत गर्दीने डोकं उठलं तर शेजारणीच्या पर्समधली जी असेल ती. असं वर्षभर चाललंय. आता डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांमुळेच डोकं दुखतंय, बंद करा." ताई विचारतात: दुखणं थांबवणारी गोळी दुखणं आणेल कशी? मला व्यसन लागलंय का? एकदम बंद केल्या तर नोकरी कशी करू? आणि घरचे म्हणतात तसा एमआरआय करून घ्यायचा का?

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे, आणि दादरच्या माझ्या दवाखान्यात अशी कहाणी घेऊन माणसं सतत येतात. ताई, तुम्हाला मी तपासलेलं नाही, पण लिहिलंय त्यावरून तुमच्या डॉक्टरांचं निदान बहुधा बरोबर आहे. सल्ला मात्र अर्धाच दिलाय. "बंद करा" हे सोपं आहे. बंद केल्यावरच्या दहा दिवसांत काय करायचं आणि अर्धशिशीला आवर कशाने घालायचा, हे सांगितल्याशिवाय त्या दोन शब्दांचा उपयोग नाही. रुग्ण दोन दिवस सोसतो, तिसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये जातो, आणि वर "मला जमलं नाही" म्हणून स्वतःलाच दोष देतो.

आधी आकडे, कारण निदान त्यांच्यावरच उभं आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. तिच्याप्रमाणे, आधीपासून डोकेदुखीचा विकार असलेल्या माणसाचं डोकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस दुखत असेल, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तो तात्पुरत्या आरामाची औषधं ठरावीक मर्यादेपलीकडे घेत असेल, तर ती औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी. मर्यादा औषधानुसार बदलते. नुसतं पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन असेल तर महिन्यात १५ दिवस. अर्गोटामीन, अर्धशिशीच्या झटक्यावर दिली जाणारी ट्रिप्टान गटातली औषधं (सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान), ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातकुळीतली औषधं आणि दोन-तीन घटक एकत्र केलेल्या वेदनाशामक गोळ्या असतील तर १० दिवस.

इथे मोजायचे आहेत दिवस. गोळ्या किती, हा पुढचा प्रश्न. एका वाईट शनिवारी कुणी दिवसभरात तीन गोळ्या घेतल्या तर तो एकच दिवस. रोज अर्धी गोळी घेणारीचे मात्र महिन्यात तीस दिवस भरतात. "मी तर रोज अर्धीच घेते" हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्या बाईला आपण किती संयमी आहोत असंच वाटत असतं. दुसरी पळवाट अशी: आठवड्यातून दोन दिवस ही, दोन दिवस ती, एखाद्या दिवशी तिसरी. एकेक औषध मर्यादेत दिसतं, पण मेंदूकडे असा वेगवेगळा हिशेब नाही. सगळे दिवस मिळून धरायचे.

आता तुमच्या गोळ्यांत काय आहे ते पाहू, कारण स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. व्हासोग्रेनच्या एका गोळीत अर्गोटामीन १ मिलिग्रॅम, कॅफीन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम आणि उलटी थांबवणारं प्रोक्लोरपेराझीन अडीच मिलिग्रॅम असतं. सॅरिडॉनमध्ये प्रोपिफेनाझोन, पॅरासिटामॉल आणि पुन्हा कॅफीन. म्हणजे दोन्ही मिश्रणं, दोन्हींना १० दिवसांची मर्यादा, आणि तुमचा हिशेब तिशीला टेकलेला. (२०१८ मध्ये बंदी घातलेल्या मिश्र औषधांच्या यादीत सॅरिडॉनचं नाव होतं, २०१९ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात सुटलं. त्या वेळी हे मिश्रण योग्य की अयोग्य यावर खूप बोललं गेलं. माणसं ते रोज खातात, यावर फारसं नाही.)

दुखणं थांबवणारी गोळी दुखणं कसं आणते? याची सगळी यंत्रणा उलगडलेली नाही, पण बरंच कळलंय. अर्धशिशी असणाऱ्या माणसाच्या मेंदूतलं वेदनेचं जाळं मुळातच हलक्या हाताने चाळवणारं असतं. चेहरा आणि डोक्याच्या आवरणांची संवेदना वाहणारी जी ट्रायजेमिनल नस आहे, तिच्या पेशी सीजीआरपी नावाचं एक रसायन सोडतात, आणि अर्धशिशीचा झटका पेटण्यात त्याचा मोठा हात असतो. उंदरांना काही दिवस सतत ट्रिप्टान दिलं तेव्हा या नसेच्या पेशींमध्ये सीजीआरपी वाढलेलं दिसलं, आणि औषध थांबवल्यावरही हे जाळं बराच काळ हळवं राहिलं. शिवाय सेरोटोनिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाची पातळी आणि त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची ठेवण बदलते. परिणाम असा, की सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा सायरन जसा मांजर बाजूने गेलं तरी बोंबलायला लागतो, तसं डोकं क्षुल्लक कारणावर उठतं. पूर्वी उपास आणि जागरण एकत्र आलं तर झटका यायचा. आता जेवायला अर्धा तास उशीर पुरतो.

तुमच्या पहाटेच्या डोकेदुखीत आणखी एक भर आहे. रात्रीच्या झोपेत औषधाचा आणि कॅफीनचा अंमल उतरतो. रोज कॅफीन घेणाऱ्याने ते थांबवलं तर साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं. तुमच्याकडे गोळ्यांतलं कॅफीन आहे, वर ऑफिसातले कटिंग आहेत, आणि शेवटचा चहा संध्याकाळी पाचचा. पहाटे पाचला काय होणार, ते वेगळं सांगायला नको. मग चहा आणि गोळीने बरं वाटतं, म्हणून खात्री पटते की गोळी हवीच. चक्र पक्कं होतं ते असं.

हे सरसकट सगळ्यांना होत नाही, हे लक्षात घ्या. कंबरदुखीसाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक घेणाऱ्या माणसाला, त्याला मुळात डोकेदुखीचा विकार नसेल तर, सहसा ही डोकेदुखी जडत नाही. तुमच्या सासूबाई गुडघ्यांसाठी रोज गोळी घेत असतील आणि म्हणत असतील की "मला कुठे काय होतं?", तर त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे अर्धशिशीचा मेंदू नाही, तुमच्याकडे आहे. बंगळुरू आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेली माणसं सुमारे २५ टक्के निघाली, आणि औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी असलेली १.२ टक्के. टक्का लहान वाटतो, पण मुंबईच्या लोकसंख्येला लावून पाहा. जगभरच बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दरवेळी गोळ्या आधी आणि डोकेदुखी मागून, असाच क्रम नसतो. कित्येकांची अर्धशिशी दुसऱ्याच कारणांनी वाढते: झोपेचं खोबरं, वजन, घरातला ताण, चाळिशीकडे झुकताना बदलणारे हार्मोन. गोळ्या तिच्यामागून वाढतात. मग दोघी एकमेकींना ढकलत राहतात. म्हणून व्यसनाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर "नाही" असं आहे. तुम्ही नशेसाठी गोळी घेत नाही. नऊच्या गाडीला उभं राहता यावं म्हणून घेता. ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे शरीराला खरोखर सवय लागते आणि ती औषधं एकदम तोडणं धोक्याचं असतं. तुमच्या स्ट्रिपांमध्ये किंवा शेजारणीच्या पर्समध्ये त्यातलं काही आहे का, ते पहिल्यांदा तपासा. असेल तर या पुढचं काहीही स्वतःच्या मनाने करू नका.

आपल्याकडे हे दुखणं उशिरा ओळखलं जाण्याचं एक कारण पित्त. डोकं दुखतं, मळमळतं, आंबट-कडू उलटी होते, उलटीनंतर झोप लागते आणि उठल्यावर हलकं वाटतं. "पित्त पडलं" म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ही बहुतेक वेळा अर्धशिशीच असते. मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग आहे. पण पित्त म्हटलं की सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी आणि वर डोकेदुखीची गोळी, हा क्रम वर्षानुवर्षं चालतो आणि मूळ आजाराचं औषध कुणी देतच नाही. दुसरं नाव सायनस. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, काहींत कॅफीनही. तेही दिवस हिशेबात धरायचे.

डोक्यापलीकडेही या गोळ्या काम करतात. वेदनाशामकांनी जठराला व्रण आणि मूत्रपिंडावर ताण, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मला जास्त काळजी अर्गोटामीनची वाटते. ते रक्तवाहिन्या आवळतं. रोज घेणाऱ्याला हातापायाची बोटं गार पडणं, मुंग्या येणं, चालताना पोटऱ्या दुखणं असा त्रास होऊ शकतो, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर ते पडलं तर हातापायाचा रक्तपुरवठा धोक्यात येण्याइतकं प्रकरण वाढू शकतं. घसा धरला म्हणून कुणी अँटिबायोटिक लिहून देतं, तुम्ही व्हासोग्रेन घेता हे त्यांना सांगत नाही, कारण तुमच्या लेखी ते औषधच नाही, ती "डोकेदुखीची गोळी" आहे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, गरोदरपण असताना अर्गोटामीन घ्यायचंच नाही, आणि ते घेतल्यापासून २४ तासांत ट्रिप्टानही नाही. त्याच गोळीतलं प्रोक्लोरपेराझीन महिनोन् महिने पोटात गेलं तर हातांना कंप, चेहऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली असे त्रास होऊ शकतात. ही गोळी खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. मुंबईत ती कशी मिळते, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता बंद करण्याबद्दल. तुमच्या यादीतल्या गोळ्या, म्हणजे अर्गोटामीनची मिश्रणं, साधी वेदनाशामकं, ट्रिप्टान, एकदम थांबवता येतात. हळूहळू कमी करायला गेलं की दोनाच्या तीन कधी होतात ते कळत नाही, म्हणून मी स्वतः एकदम थांबवण्याच्या बाजूची आहे. थांबवल्यावर डोकेदुखी आधी वाढते. हे आधी माहीत नसेल तर घाबरायला होतं, म्हणून स्पष्ट सांगते: मळमळ, उलट्या, झोप न लागणं, चिडचिड, जीव वरखाली होणं, सगळं होऊ शकतं. ट्रिप्टान सोडणाऱ्यांचा हा काळ सरासरी चार दिवसांत सरतो, अर्गोटामीनचा आठवडाभर, साध्या वेदनाशामकांचा दहा दिवसांपर्यंत. तुम्ही मिश्रण घेता, तेव्हा दहा दिवस धरून चाला.

या दहा दिवसांची तारीख निवडणं हाच अर्धा उपचार आहे. मार्चअखेर नको, गणपती नकोत, मुलाची परीक्षा नको. शुक्रवारी रात्री थांबवलं तर पहिले दोन दिवस घरात जातात. पुढे चार-पाच दिवसांची रजा टाकता आली तर उत्तम. डॉक्टरांकडून या काळापुरती वेगळी औषधं लिहून घ्या. उलटीवरचं औषध, आणि तुम्ही ज्याचा अतिवापर केलेला नाही असं एखादं औषध, उदाहरणार्थ ठरावीक दिवसांपुरतं नॅप्रोक्सेन, जठर आणि मूत्रपिंड ठीक असतील तर. काही जणांना मानेच्या मागच्या ऑक्सिपिटल नसेपाशी बधिर करणारं इंजेक्शन देऊन आराम पडतो. स्टेरॉइडचा छोटा कोर्सही देतात, पण त्याबद्दलच्या अभ्यासांचं एकमत नाही. मी क्वचितच देते. पाणी भरपूर, जेवणाच्या वेळा पक्क्या. चहा मात्र त्याच आठवड्यात तोडू नका. गोळ्यांतलं कॅफीन जातच आहे; चहा दोन कपांवर आणून तिथेच ठेवा, बाकीचं नंतर. उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर घरी सोसत बसू नका, सलाइनसाठी सरळ रुग्णालय गाठा.

घरच्यांसाठी एक वाक्य. या काळात "घे एक गोळी आणि मोकळी हो" असं प्रेमाने म्हणणारा माणूस सर्वांत जास्त नुकसान करतो. सकाळचा डबा दुसऱ्या कुणी केला, स्वयंपाकघरातला फोडणीचा वास आणि टीव्हीचा आवाज आठवडाभर कमी ठेवला, तर ते खरं औषध.

आणि आता तो राहिलेला अर्धा सल्ला, म्हणजे झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध. प्रोप्रानोलोल, अमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझीन, टोपिरामेट ही नेहमीची नावं. "रोजची गोळी सोडायला रोजची दुसरी गोळी?" असं विचारलं जातं. हो, पण ही दुखणं दाबणारी नाही, अतिवापराच्या हिशेबात ती येत नाही, आणि झटके आटोक्यात आले की काही महिन्यांनी बंदही करता येते. दम्याच्या माणसाला प्रोप्रानोलोल नको. फ्लुनारिझीनने वजन वाढतं आणि मन खिन्न होऊ शकतं. अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं आणि सकाळी सुस्ती राहते, पण झोप मोडलेल्यांना तेच बरं पडतं. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, मुतखडा होऊ शकतो, आणि गरोदरपणात ते बाळाला घातक आहे. याच कामासाठी व्हॅलप्रोएटही वापरतात, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते तर देऊच नये. यांतलं कुठलंही औषध आठ दिवसांत गुण दाखवत नाही. योग्य मात्रेवर सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. दहाव्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून सोडलेल्या प्रतिबंधक औषधांची माझ्याकडच्या फायलींमध्ये रांग लागलेली असते. याने भागलं नाही तर बोटॉक्सची दर बारा आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत, सीजीआरपीला अडवणारी महिन्याची इंजेक्शनंही आहेत. चांगली आहेत, पण महाग आहेत, आणि पहिल्याच भेटीत ती सुचवण्याची घाई मला पटत नाही.

आधी गोळ्या थांबवायच्या की आधी प्रतिबंधक सुरू करायचं, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. डेन्मार्कमधल्या १२० रुग्णांच्या, २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात आधी गोळ्या थांबवणारे, नुसतं प्रतिबंधक सुरू करणारे आणि दोन्ही एकदम करणारे अशा तिन्ही गटांना फायदा झाला, पण थांबवणं आणि प्रतिबंधक औषध दोन्ही एकदम सुरू करणाऱ्यांचा सर्वांत जास्त. अमेरिकेतल्या ७२० जणांच्या २०२२ च्या अभ्यासात प्रतिबंधक सुरू करून जुनी गोळी तूर्त चालू ठेवणारेही, ती बदलून मर्यादेत घेणाऱ्यांइतकेच सुधारले. म्हणून ज्यांना रजा मिळतच नाही, किंवा ज्यांच्या मनाची तयारी नाही, त्यांच्यावर मी बंदीची सक्ती करत नाही. प्रतिबंधक आधी देते. तुमच्या बाबतीत रोजचं अर्गोटामीन आहे, म्हणून ते थांबवणं मी पुढे ढकलणार नाही.

पुढे काय होतं? निम्म्याहून अधिक माणसांची डोकेदुखी दोन-तीन महिन्यांत ठळकपणे कमी होते. अर्धशिशी जात नाही, पण रोजची पुन्हा महिन्यातून काही वेळा येणारी होते, आणि पूर्वी निष्प्रभ झालेली औषधं पुन्हा लागू पडायला लागतात. पहिल्या वर्षात मात्र बरेच जण मागे घसरतात, अभ्यासांनुसार २० ते ४० टक्के. यावर उपाय साधा आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गोळी घेतलेल्या दिवशी एक फुली मारा, कुठलीही गोळी असो. आठवड्यात दोनाहून जास्त फुल्या दिसल्या की डॉक्टरांना फोन, महिना भरायची वाट पाहायची नाही. म्हणजे गोळी कायमची वर्ज्य नाही. खरा झटका आला तर सुरुवातीलाच, पुरेशा मात्रेत घ्यावी. अर्धी-अर्धी घेत दिवसभर रेंगाळू नये. "आज मीटिंग आहे, डोकं दुखू नये म्हणून" आधीच घेतलेली गोळी मात्र बंद. आणि गाडीतल्या मैत्रिणींना सांगून ठेवा की पर्स उघडू नका.

राहिला एमआरआय. वर्षानुवर्षं तीच अर्धशिशी, तपासणीत नसांमध्ये दोष नाही, डोळ्यांच्या मागचा पडदा ठीक, अशा माणसाला तो सहसा लागत नाही. डोळ्याच्या मागचा पडदा मात्र नक्की बघून घ्या. वजन वाढलेल्या तरुण बायकांत मेंदूतल्या पाण्याचा दाब वाढूनही रोज डोकं दुखतं, आणि ते वेळीच कळलं नाही तर नजर जाऊ शकते. घोरणं फार असेल आणि सकाळीच डोकं जड राहत असेल, तर झोपेतल्या श्वासाची तपासणीही करावी लागेल. मात्र डोकेदुखी एका क्षणात शिगेला पोचली, ताप आणि मान आखडणं सोबत आलं, हात-पाय किंवा बोलणं लुळं पडलं, फेफरं आलं, दिसायला अंधुक होऊ लागलं, खोकताना-वाकताना दुखणं उसळू लागलं, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालं, किंवा गरोदरपणात अथवा बाळंतपणानंतर नव्याने आलं, तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. पहिली चार लक्षणं असतील तर त्याच तासाला.